उजेड आपला, डोळे दुसऱ्याचे

मोटारसायकलचा हेडलाइट घरी बदलणे, त्याची वायरिंग स्वतः करणे, यात मला काही वावगे वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून काही मित्र मला शोरूमचा वकील ठरवतील. ज्याच्या हाताला पाना आणि टेस्टर धरायची सवय आहे, त्याने आपली गाडी आपल्या अंगणात जरूर उघडावी. गाडी त्याची आहे, पैसे त्याचे आहेत आणि हात काळे करण्यात कमीपणा नाही.

माझे भांडण वेगळे आहे. काहीशे रुपयांना मिळणारा, निळसर पांढऱ्या झाकेचा एलईडी बल्ब जुन्या हेडलाइटमध्ये कोंबायचा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवत गावभर फिरायचे, या प्रकाराशी ते आहे. त्याहून जास्त ते या प्रकारामागच्या सबबीशी आहे. ‘समोरचापण तसाच मारतो, मग मीच का अंधारात मरू?’ ही ती सबब. कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळते. या लेखात ती सबब तपासायची आहे.

आधी या मागणीतला खरा भाग मान्य करू. आपल्याकडच्या साध्या, रोजच्या वापराच्या मोटारसायकलींना वर्षानुवर्षे ३५/३५ वॅटचा बल्ब मिळाला. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांखाली तो चालून जातो. पण शेवगाव, गेवराई, अंबड अशा भागातल्या रस्त्यावर अमावस्येच्या रात्री तोच बल्ब म्हणजे चिमणीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरची पट्टी नसते. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या मध्यावर उभी असते आणि तिच्या चाकाला लावलेला दगड एवढीच तिची खूण. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक दाबायला अंतर उरलेले नसते.

अशा रस्त्यांवर रात्री कोण असते? दूध घालणारा, भाजीचे कॅरेट घेऊन पहाटे मार्केट यार्ड गाठणारा, एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून निघालेला, लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक उरकून घरी परतणारा आचारी, आठवडी बाजार करून कपड्यांचे गाठोडे मागे बांधून येणारा फेरीवाला. ही माणसे हौसेने रात्री फिरत नाहीत. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. तेव्हा ज्याला जास्त उजेड हवा आहे त्याला ‘कंपनीने दिले तेवढ्यात भागव’ असे सांगणे म्हणजे चारचाकीत बसून केलेला उपदेश आहे. तो उपदेश मी करणार नाही.

पण जास्त उजेड म्हणजे काय, हे तरी समजून घ्या.

हेडलाइटमध्ये बल्ब हा निम्माच भाग आहे. दुसरा निम्मा भाग म्हणजे त्यामागची चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, आणि काही गाड्यांत पुढची रेघारेघांची काच. हे दोन्ही एका ठरावीक बल्बसाठी घडवलेले असतात. एच-४ बल्ब हातात घेऊन नीट पाहा. त्यात दोन तारा असतात. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रावर येते आणि सगळी वाटी वापरते. डिप्परची तार जरा पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची एक छोटी पन्हळ असते. ती पन्हळ खालच्या बाजूचा उजेड अडवते. त्यामुळे डिप्परचा उजेड वाटीच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत तो जाऊ नये याची व्यवस्था नखाएवढ्या त्या पत्र्याने केलेली असते. तार दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी हिशेब बिघडतो.

आता त्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवला की काय होते? त्यात तार नसते. एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. उजेड गोल फिरून निघण्याऐवजी दोन बाजूंना फेकला जातो. चिपची जागा तारेच्या जागेशी तंतोतंत जुळतेच असे नाही, आणि स्वस्त मालात तर पन्हळीची नक्कल नुसती दाखवण्यापुरती असते. म्हणून उजेड वाटीत कुठूनही आपटतो आणि कुठेही जातो. थोडा रस्त्यावर, थोडा झाडाच्या शेंड्यावर, आणि बराचसा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. चालवणाऱ्याला वाटते, काय लख्ख पडलाय! कारण गाडीपुढचे दहा-पंधरा फूट पांढरेफटक दिसतात. पण जवळची जागा जितकी जास्त उजळते तितके डोळे त्या उजेडाला सरावतात, आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. ट्रॉली लांब उभी आहे. ती पायापुढच्या उजेडात दिसणार नाही.

म्हणजे ज्या कारणासाठी पैसे घातले तेच साधले नाही. साधले ते एवढेच की समोरच्याला आपण दिसेनासे केले.

दिपलेला डोळा पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. वय झालेल्यांना जास्त, मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना त्याहून जास्त. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळ्यांपुढे पांढरे झाले तर ५० मीटर ती आंधळेपणाने धावते. त्या ५० मीटरमध्ये सायकलवाला असू शकतो, खड्डा असू शकतो, तुम्ही स्वतः असू शकता. होय, तुम्ही. कारण ज्याला तुम्ही आंधळे केले आहे तो तुमच्याकडेच येतो आहे. अरुंद रस्त्यावर तुमच्यात आणि त्याच्यात दोन हातांचे अंतर आहे. आपल्याकडे येणाऱ्या माणसाचे डोळे बांधून कोणी स्वतःचे रक्षण करते का?

‘समोरचा मारतो म्हणून मी मारतो’ या सबबीचा फोलपणा इथेच उघड होतो. हे जशास तसे नाहीच. ज्याने तुमचे डोळे दिपवले तो मागे निघून गेला. तुमचा मारा होतो तो त्याच्यामागून येणाऱ्यावर, आणि त्याने तुमचे काहीच बिघडवलेले नसते. एकाचा राग दुसऱ्यावर काढायचा, आणि तो दुसरा उद्या दुकानात जाऊन आणखी झगझगीत बल्ब घेणार. अशा रीतीने सगळा तालुका एकमेकांना आंधळे करत राहतो आणि सगळ्यांना वाटते की आपण आपली काळजी घेतोय. फायदा होतो तो फक्त बल्ब विकणाऱ्याचा.

आता कायद्याकडे येऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम याच विषयावर आहे. दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला असावा. दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणारा नसावा, असे तो सांगतो. या आकड्यांमागे विचार आहे. दीड मीटर म्हणजे साधारण समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांची उंची. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे समोरचा माणूस होता. आपल्या डोळ्यांपुढे तो नाही, एवढाच फरक.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले १८२-अ हे कलम नव्याने लिहिले गेले. नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. याच कलमात विकणाऱ्यालाही हात घातला आहे. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला सुटा भाग नियमबाह्य असताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कागदावर मोठा मासा आहे, छोटाही आहे. पण नाक्यावर पावती फाटते ती छोट्याची. ज्या बल्बच्या खोक्यावर ‘सुपर व्हाइट’, ‘सहा हजार केल्व्हिन’ असे छापून तो उघड्यावर टांगलेला असतो, त्या दुकानाच्या पायऱ्या मोजायला कोणाला वेळ नसतो. माल मोकळा सोडायचा आणि वापरणाऱ्याला पकडायचे, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत.

आणखी एक सोयीचा आरोपी आहे, तो म्हणजे फिटर. वर्तमानपत्रात अपघाताची बातमी आली की ‘गल्लीबोळातल्या गॅरेजांनी केलेले जुगाड’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. ही गॅरेजे कुठे आहेत आणि त्यांत कोणाची पोरे काम करतात, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. आमच्या मोहल्ल्यांतली कित्येक पोरे शाळा सुटल्यावर उस्तादाच्या हाताखाली बसून हा हुनर शिकली. आयटीआयचा कागद त्यांच्याकडे नाही, पण गाडीचा आवाज ऐकून ती दुखणे सांगतात. त्यांना तुच्छतेने बोलणाऱ्यांना मला विचारायचे आहे, ‘भाई, जरा पॉवरफुल टाका’ असे म्हणत येतो तो कोण? स्वस्त माल कोण मागतो? वायर जाड घ्या, रिले लावा, त्याचे दीडशे-दोनशे जास्त होतील असे फिटरने सांगितले की ‘राहू द्या, चालतंय’ कोण म्हणतो?

पण उस्तादांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. हुनर असेल तर नाही म्हणता आले पाहिजे. ‘गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो’ हे दुकानदाराचे उत्तर झाले, कारागिराचे नव्हे. ज्या हाताने बल्ब बसवला त्याच हाताने झोत खाली केला नाही, तर काम अर्धेच झाले. अर्ध्या कामाची मजुरी पूर्ण घेऊ नये, हे कोणत्याही उस्तादाला शिकवायची गरज नसावी.

मग उजेड वाढवायचा कसा? वाढवता येतो, आणि घरीही येतो.

पहिली गोष्ट, बल्ब बदलण्याआधी वीज बल्बपर्यंत पोचते का ते पाहा. हॅलोजन बल्बचे गणित असे आहे की त्याला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत चावीचा स्विच, हँडलवरचा स्विच, गंजलेले कपलर, सैल अर्थिंग असे सगळे वाटेत बसून वीज खातात. मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर किती व्होल्ट ते मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर नवा बल्ब आणण्याआधी कपलर साफ करा, अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करा. पिवळा पडलेला, चमक गेलेला रिफ्लेक्टर बदला. पुष्कळ गाड्यांना एवढ्यावरच नवा उजेड येतो आणि खिशाला भारही पडत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या गाडीचा हेडलाइट कशावर चालतो ते जाणून घ्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. ॲक्सिलरेटर दिला की उजळतो, सोडला की मंदावतो, ही त्याची ओळख. अशा गाडीत हेडलाइट सरळ बॅटरीवर जोडला तर दोन-चार रात्रींत बॅटरी बसते, कारण तेवढे चार्जिंग त्या गाडीत नसते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालूच ठेवावा लागतो, तेव्हा हा भार दिवसाही पडतो हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, जास्त वॅटचा बल्ब म्हणजे जास्त करंट. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. बाजारात मिळणारा १००/९० चा बल्ब ८ अँपिअरच्या वर ओढतो, आणि तो रस्त्यासाठी नाहीच. ३५ वॅटसाठी दिलेल्या बारीक वायरीतून तो चालवला की आधी होल्डरचे प्लास्टिक मऊ होते, मग वायरीचे आवरण वितळते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

बॅटरीवर चालणाऱ्या, पुरेसे चार्जिंग असलेल्या गाडीला ६०/५५ वॅटचा एच-४ चा पूर्ण सेट, म्हणजे त्याच बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरसकट, बसवायचा असेल तर रिले लावा. कंपनीची वायर कापू नका. जुना कपलर फक्त इशारा देण्यासाठी वापरायचा. त्याच्यातली डिप्परची वायर एका रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्हींची ८५ अर्थला. बॅटरीच्या प्लसकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर दोन्हींच्या ३० ला, आणि ८७ मधून बल्बला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वितीभर अंतरात. पुढे कुठेही वायर घासून शॉर्ट झाली तर तो आधी उडाला पाहिजे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडा. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. मीटर लावून खात्री करा. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको, कपलर आणि स्लीव्ह घातलेला हवा, कारण टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये.

एलईडीच हवा असेल तर सुटा बल्ब घेऊ नका, एलईडीसाठीच घडवलेला पूर्ण हेडलाइट घ्या आणि तो मान्यताप्राप्त आहे का ते पाहा. काचेवर वर्तुळातला इंग्रजी ‘ई’ आणि आकडा असेल तर बाणही पाहा. आपण डावीकडून चालतो. फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी केलेल्या काचेवर, समोर उभे राहून पाहिले असता, उजवीकडे टोक असलेला बाण असतो. परदेशातून मागवलेला उजवीकडच्या वाहतुकीचा हेडलाइट आपल्याकडे लावला तर त्याचा झोत ज्या बाजूला उचललेला असतो ती बाजू समोरून येणाऱ्याची निघते. जर्मनीसारख्या देशाने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला परवानगी दिली, तीसुद्धा ठरावीक बल्ब ठरावीक मॉडेलच्या गाडीतच, तपासणी करून. आपण मात्र खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याला एक रुपयाही लागत नाही ते काम, झोत लावणे. टायरमध्ये हवा नीट भरा. सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा आणि रोजच्या वजनाचा माणूस वर बसवा. मागे कोणी बसत असेल तर त्यालाही, कारण मागे भार पडला की पुढचा दिवा वर उचलला जातो. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने खूण करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या निदान ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. मग नियमातली परीक्षा घ्या. ८ मीटर मोजा, उजव्या बाजूला अर्धा मीटर सरका, डोळे दीड मीटर उंचीवर ठेवून स्वतः उभे राहा आणि दुसऱ्याला डिप्पर लावायला सांगा. डोळे मिटावेसे वाटले तर तुमचे काम पूर्ण झालेले नाही. तुमच्या आईला त्या जागी उभे करायची हिंमत होत नसेल तर तो दिवा रस्त्यावर न्यायचा नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. गाड्या बनवणाऱ्यांनी स्वस्त गाडीलाही रस्ता दिसेल एवढा उजेड द्यावा. तो महागड्या मॉडेलचा शौक नव्हे. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर नसेल तर कारखान्याच्या गेटवरच ती अडवावी, म्हणजे दुचाकीवाल्याला तोफ लावायची गरज उरणार नाही. नाक्यावर पावती फाडणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी दुकानांच्या रांगेतून फिरावे. फिटरने झोत लावल्याशिवाय गाडी सोडू नये.

आणि चालवणाऱ्याने डिप्पर द्यावा. समोरून दिवा दिसला की अंगठा स्विचवर गेला पाहिजे. समोरच्याने दिला नाही तरी आपण द्यावा. त्याला दिसले तर तो आपल्या अंगावर येणार नाही, एवढा साधा स्वार्थ तरी आपल्याला कळावा. रस्ता दोघांचा आहे, आणि त्यावरून दोघांनाही घरी पोचायचे आहे.